दीड वर्ष लोकल टाळली, तरी भीती वाढली कशी?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या यजमानांना (वय ३६) दीड वर्षापूर्वी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ठाणं सोडल्यावर, एकाएकी धडधडायला लागलं. घाम फुटला, श्वास पुरेना, आता आपण जाणार असं वाटलं. घाटकोपरला ते कसेबसे उतरले. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर, सगळं नॉर्मल निघालं. 'पॅनिक अॅटॅक आहे, टेन्शन घेऊ नका' असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. त्यानंतर आधी फास्ट गाडी बंद झाली, मग लोकलच बंद झाली. काही दिवस टॅक्सीने गेले, पण सिग्नलला अडकलं की जीव घाबरायला लागला. मग थिएटर, लिफ्ट, लग्नाचे हॉल. आता ते घरून काम करतात आणि घरातही एकटे थांबत नाहीत. ताई विचारतात: 'जिथे त्रास झाला तिकडे हे दीड वर्ष फिरकलेसुद्धा नाहीत. एव्हाना भीती विरायला हवी होती, ती उलट पसरली. मन शांत होईपर्यंत थांबू, की एकदाचं धरून गाडीत बसवू?'

ताई, दोन्ही नको. का नको, ते सविस्तर सांगते.

दुःख काळाने ओसरतं, रागही ओसरतो. त्यामुळे भीतीलाही वेळ द्यावा असं घरातल्या सगळ्यांना वाटतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण या जातीच्या भीतीच्या पोटात एक भाकीत असतं. 'गाडीत बसलो की मला काहीतरी होणार.' हे भाकीत खरं की खोटं हे गाडीत बसल्याशिवाय ठरत नाही. तुमच्या यजमानांनी ते पुन्हा तपासलंच नाही, म्हणून त्या सकाळी ते जसं होतं तसंच आजही आहे. हा झाला अर्धा भाग. भीती आहे तेवढीच राहिली असती तर एवढ्याने काम भागलं असतं, पण ती वाढली आहे. त्याचं कारण उरलेल्या अर्ध्या भागात आहे.

एखादी साधी सकाळ घ्या. आदल्या रात्री ठरलेलं असतं की उद्या ऑफिसला जायचंच. रात्रभर पोटात गोळा. सकाळी सव्वासातला साहेबांना मेसेज जातो, 'आज घरूनच करतो.' मेसेज गेला की पाच मिनिटांत खांदे सैल होतात, चहा गोड लागतो. ही जी सुटका मिळाली ना, ते बक्षीस आहे, आणि मेंदू ते अगदी नेमाने लक्षात ठेवतो. ज्या कृतीनंतर असं बक्षीस मिळतं ती कृती पुढच्या वेळी अधिक लवकर, अधिक सहज होते. शिवाय दर सुटकेबरोबर एक चोरटा निष्कर्ष पदरात पडतो: गेलो नाही म्हणून वाचलो. म्हणजे दीड वर्षं यजमान भीतीपासून लांब होते असं आपण म्हणतो, पण या काळात त्यांचा भीतीचा सराव रोज चालू होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी १९४७ मध्ये हेच दोन पायऱ्यांत मांडलं. आधी एखादी जागा किंवा वस्तू भीतीशी जोडली जाते, आणि मग ती भीती कमी करणारी कोणतीही कृती पक्की होत जाते. १९५३ च्या सुमारास सॉलोमन आणि विन यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो आणि आज तशी परवानगीही मिळणार नाही, पण त्यातून कळलेली गोष्ट विसरता येत नाही. पेटीचे दोन कप्पे, मध्ये आडवी फळी. इशारा झाला की थोड्या वेळाने पायाखाली विजेचा झटका. कुत्री लवकरच इशारा होताच पलीकडे उडी मारायला शिकली. मग वीज कायमची बंद केली. तरी कुत्री उड्या मारतच राहिली, शेकडो वेळा. काही तर आधीपेक्षा चपळ झाली. आणि उडी इतकी सवयीची झाली की त्यांच्यात घाबरल्याच्या खुणाही दिसेनात.

ही शेवटची ओळ तुमच्यासाठी महत्त्वाची. तुम्ही पुढे लिहिलंय, 'गेल्या सहा महिन्यांत अॅटॅक आलेला नाही, म्हणजे थोडी सुधारणा आहे.' मला नाही तसं वाटत. टाळणं इतकं सफाईदार झालंय की भीतीला दिसायची वेळच येत नाही. सुधारणा मोजायची तर अॅटॅक किती आले ते बघू नका. माणूस कुठे कुठे जाऊ शकतो, काय काय करू शकतो, ते बघा.

आता घाटकोपरला काय झालं ते पाहू. बहुतेक पॅनिक अॅटॅक दहाएक मिनिटांत शिगेला पोचतात आणि मग आपोआप उतरायला लागतात, कारण शरीर ती पातळी फार वेळ धरून ठेवू शकत नाही. यजमान नेमके शिगेच्या आसपास उतरले. फलाटावर बसले, हवा लागली, कुणी पाणी दिलं, धडधड कमी झाली. ती गाडीतही कमी झाली असती. पण श्रेय मिळालं उतरण्याला. त्या एका सकाळी मेंदूने जो धडा घेतला तो समोर दिसणाऱ्या गोष्टींवरूनच घेतला होता, फक्त अर्धवट होता.

लोकलवरून लिफ्टवर आणि लिफ्टवरून लग्नाच्या हॉलवर भीती गेली कशी, हेही तुम्ही विचारलंय. भीती सारखेपणावरून पसरते, हे १९२० पासून माहीत आहे. त्या वर्षी वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला, अल्बर्टला, पांढऱ्या उंदराबरोबर मोठा आवाज ऐकवून उंदराची भीती लावली. पुढे तो सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागला. तुमच्या घरी सारखेपणा दिसण्यातला नाही. लोकल, सिग्नलला अडकलेली टॅक्सी, लिफ्ट, आणि मुहूर्ताच्या वेळी हॉलमधली मधली रांग, या सगळ्यांत एकच गोष्ट समान: वाटेल तेव्हा बाहेर पडता येत नाही.

आणि त्याच्याही खाली खरी भीती आहे ती स्वतःच्या शरीराची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या चक्राची नीट मांडणी केली. छातीत जरा धडधडलं, 'हार्ट अॅटॅक' असा अर्थ लावला, त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, आणि अर्थाला पुरावा मिळाला. म्हणून मी पेशंटला लोकलबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, जिना चढता का? चहा-कॉफी सोडली का? भर उन्हात चालायचं टाळता का? मुलाबरोबर धावता का? तुम्हीही घरी जरा लक्ष ठेवा. बरेच जण नकळत असं सगळंच सोडतात ज्याने नाडी जलद होते, अगदी नवराबायकोतली जवळीकसुद्धा. याबद्दल आपण होऊन कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सगळं टाळणं उघड दिसत नाही. काही टाळणं माणूस तिथे हजर असतानाच चालू असतं. ते ओळखायला मला स्वतःला शिकावं लागलं आणि माझ्या मते उपचार फसतात ते बहुधा इथेच. पिशवीत पाण्याची बाटली, इलेक्ट्रालचं पाकीट, खिशात अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट झटपट उतरवणारी, अर्धी गोळी (घ्यायची नाही, नुसती असू दे म्हणून). स्मार्ट वॉचवर दर मिनिटाला नाडी बघणं. दाराजवळच उभं राहणं. मार्गावरची सगळी हॉस्पिटलं तोंडपाठ. पूर्ण प्रवासभर बायको फोनवर. अशा बंदोबस्तात माणूस दादरला पोचतो खरा, पण निष्कर्ष काय निघतो? 'दांडी घट्ट धरली होती म्हणून पडलो नाही.' मानसशास्त्रज्ञ सॅल्कोव्स्किस यांनी १९९१ मध्ये नेमकं हे दाखवून दिलं, की वर्षानुवर्षं बेशुद्ध पडण्याची भीती बाळगणारी, आणि कधीच बेशुद्ध न पडलेली माणसं आपलं भाकीत का सोडत नाहीत. न पडण्याचं श्रेय दरवेळी दांडीला, बाटलीला, गोळीला जातं.

बेशुद्धीचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा. चक्कर येऊन पडायला सहसा रक्तदाब खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो वर जातो. म्हणून पॅनिकमध्ये डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं, पण माणूस सहसा पडत नाही. अपवाद रक्त, जखम आणि इंजेक्शनच्या भीतीचा. तिथे नाडी आणि दाब आधी चढतात आणि मग झपकन उतरतात, आणि माणूस खरंच कोसळू शकतो. त्यांना 'रिलॅक्स व्हा' हा सल्ला उलटा पडतो. हातापायांचे आणि पोटाचे स्नायू आवळून दाब वर ठेवायचं तंत्र स्वीडनच्या ऑस्ट यांनी त्यांच्यासाठी बसवलं. यजमानांना त्याची गरज नाही, पण तुमच्या ओळखीत रक्त तपासायला गेल्यावर पडणारं कुणी असेल तर सांगून ठेवा.

आणखी एक. प्रत्येक टाळणं आजार नसतं. मुंबईच्या लोकलमधून दरवर्षी माणसं खरोखर पडून मरतात. दारात लोंबकळत जायला नकार देणं हा शहाणपणा आहे आणि तो उपचाराने घालवायचा नाही. मी दोन गोष्टी पाहते: धोका खरा किती, आणि टाळण्याची किंमत किती. ज्याला सापाची भीती आहे आणि जो चर्चगेटजवळ राहतो त्याच्यावर मी वेळ घालवणार नाही. त्याच माणसाची बदली सिंधुदुर्गात एखाद्या गावी झाली तर घालवेन.

आता करायचं काय. 'आधी मन तयार होऊ दे, मग जाईन' हे वाक्य मी रोज ऐकते. क्रम बहुधा उलटा असतो, आधी जाणं आणि मग मन. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस हे नाव मराठी वाचकांना, त्यांचे विचार मराठीत आणणाऱ्या कि. मो. फडके यांच्यामुळे ओळखीचं आहे. या एलिसना तरुणपणी मुलींशी बोलायची विलक्षण भीती होती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभरेक जणींशी बोलणं झालं. भेटायचं कबूल केलं एकीने, तीही आली नाही. पण कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि भीती गेली. जमलं काहीच नव्हतं, तरी भाकीत मात्र खोटं ठरलं होतं.

यजमानांचं काम घरातून सुरू होईल. ही धडधड हृदयाच्या आजाराची नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे, तरी पुढचे व्यायाम सुरू करण्यापूर्वी त्यांना एकदा विचारून घ्या. दमा, फिट्स असं काही असेल तर यातले काही व्यायाम वगळावे लागतात. जागच्या जागी मिनिटभर धावणं. फिरत्या खुर्चीवर गरगर फिरणं. मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घेणं. ज्या संवेदनांना ते घाबरतात त्या स्वतः आणायच्या आणि जाऊ द्यायच्या. पाणी प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही, नाडी बघायची नाही. विचित्र वाटेल, पण धडधड वाढली आणि काही झालं नाही, हे शरीराला दहा वेळा कळलं की लोकलचं अर्धं काम घरीच होतं.

मग स्टेशन. मासिक पास काढा. पैसे गुंतले की पाय निघतो, हा माझा मानसशास्त्रीय नव्हे, निव्वळ मध्यमवर्गीय अनुभव आहे. पहिले काही दिवस फलाटावर बसून गाड्या जाऊ द्यायच्या. मग रविवारी दुपारी स्लो गाडीने कोपर, मग दिवा, मग ठाणं. सुरुवातीला तुम्ही शेजारी बसा. नंतर तुम्ही लेडीज डब्यात आणि ते जनरलमध्ये, ही पायरी मुंबईत आयती मिळते आणि फार उपयोगी आहे. मग तुम्ही घरी. मग बाटली घरी. गोळीसुद्धा घरी, पण ती डॉक्टरांशी बोलून. मग कामाच्या दिवशी अकराची गाडी, मग ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतची फास्ट, आणि एसी लोकल मी शेवटाकडे ठेवते, कारण तिचे दरवाजे बंद होतात.

दर फेरीआधी वहीत भाकीत लिहायचं. 'दिवा येईपर्यंत चक्कर येऊन पडेन, खात्री १०० पैकी ८०.' आल्यावर लिहायचं, काय झालं. भीती किती वाटली याचा आकडा दुय्यम. पूर्वी आम्ही भीती निम्मी होईपर्यंत थांबायला सांगायचो. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या कामानंतर भर बदलला. भीती उतरलीच पाहिजे असं नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मेंदूला ठसठशीत दिसली पाहिजे. घाबरत घाबरत ठाण्याला पोचलेला माणूसही शिकून येतो.

मधेच उतरले तर? उतरतील कधीतरी. तेव्हा घरी परत यायचं नाही. बाकावर बसायचं, आणि पुढची गाडी पुढच्याच दिशेची पकडायची. एवढा एक नियम पाळला तर उतरणंही फुकट जात नाही.

फेऱ्या दाट हव्यात, आठवड्यातून एकदा पुरत नाही. आणि परिस्थिती बदलत राहा: सकाळ, संध्याकाळ, पाऊस, गर्दी, अप आणि डाऊन. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं, आणि ते ज्या परिस्थितीत झालं तिथेच आधी आठवतं. रविवारच्या रिकाम्या डब्यात कमावलेला धीर सोमवारी आपोआप येत नाही तो यामुळे. मधे आजारपण आलं, महिनाभर गाडी सुटली, तर भीती पुन्हा डोकं वर काढेल. शून्यावर आलो असं समजू नका. दुसऱ्यांदा चढायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असंच मी बहुतेकांत पाहिलं आहे.

तुम्ही विचारलेलं 'धरून बसवू का?' याचं उत्तर आता सोपं आहे. फसवून किंवा ओढून नेलं तर त्यांचं सगळं लक्ष सुटण्याकडे राहील, आणि वर तुमच्यावरचा भरवसाही जाईल. पायरी कितीही अवघड असू दे, ती त्यांनी स्वतः निवडलेली असायला हवी.

पण तुमच्या बाजूचं थोडं बोलते, कारण इथे घराचा मोठा वाटा असतो. दर तासाला फोन करणं, त्यांच्या वतीने नातेवाइकांना कारणं सांगणं, तुमची भिशी बंद करून घरी थांबणं, रात्री 'मला काही होणार नाही ना?' याला दहादा 'नाही हो' म्हणणं. हे सगळं प्रेमाने होतं आणि तरीही ते टाळण्यालाच हातभार लावतं. एकदम बंद करू नका, तो सूड वाटेल. बसून सांगा: 'सोमवारपासून मी दुपारी दोन तास बाहेर जाणार आहे, फोन घेणार नाही.' आणि मग खरंच घेऊ नका. ते घाबरले तर वाद नको, समजूत नको. 'घाबरलायत हे दिसतंय मला. निभावाल, तेही माहीत आहे,' एवढं पुरे. सासूबाईंनाही यात घ्या. एकाने आवळायचं आणि दुसऱ्याने गुपचूप सैल करायचं, असं झालं तर महिने वाया जातात.

औषधांबद्दल: एसएसआरआय गटाच्या (नैराश्य आणि चिंतेवर रोज घ्यायच्या) गोळ्या पॅनिकमध्ये उपयोगी पडतात, परिणामाला काही आठवडे लागतात, आणि त्या घेत घेत हा सराव करता येतो. गोळी घेणं म्हणजे हार वगैरे काही नाही. अल्प्राझोलामसारखी झटपट गोळी मात्र ऐन फेरीच्या वेळी घेतली तर शिकणं गोळीच्या नावावर जमा होतं. ती रोज चालू असेल तर मनाने अचानक थांबवू नका, त्याचे त्रास गंभीर असू शकतात. सायकियाट्रिस्ट हळूहळू कमी करून देतील. आणि यजमान फार खचले असतील, दारूचा आधार घेत असतील, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील, तर पायऱ्याबियऱ्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायची वेळ आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, भाच्याच्या मुंजीचा. मे महिन्यात नाशिकला जायचंय, गाडी करून जावं की घरीच थांबावं? घरी थांबणं सोडून काहीही चालेल. जाताना खुशाल गाडी करा, मुहूर्ताला पोचणं महत्त्वाचं. हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची मात्र त्यांना धरू देऊ नका, आणि पंगतीत मधे बसवा. तोपर्यंत स्लो गाडीने एकट्याने ठाण्यापर्यंत जाणं जमत असेल, तर येताना सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन करा. इगतपुरीनंतर घाटात बोगदे लागतात, ते आधी सांगून ठेवा, आणि वही बरोबर असू द्या. कल्याणला उतरलात की डोंबिवलीला रिक्षा करू नका, लोकलनेच या.